मास्क गालाला बसत नाही

सोमवार, आठ तारीख

कात्र्या,

आत्याचं अक्षर बघून पाकीट तसंच खिशात घालू नकोस. फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. हे पाकीट तुझ्या हातात देणारा बसचा ड्रायव्हर आपल्या शेजारच्या शिंप्याचा साडू आहे. एक दिवसाआड त्याची गाडी तुमच्याकडे येते, आणि ज्या हॉटेलातल्या सलूनमध्ये तू लोकांचे केस कापतोस ते त्याच्या स्टँडसमोरच आहे म्हणे. त्यानेच हे शिंप्याला सांगितलं. मी काही तुझ्या मागावर माणसं सोडलेली नाहीत.

काळजी करण्यासारखं काही नाही. तुझ्या बापाला थोडा दम लागला म्हणून दवाखान्यात ठेवलंय. दोन-चार दिवसांत सोडतील. दुकान बंद आहे. तसंही मधल्या खुर्चीची पाठ खाली जात नाही. महिनाभर उभीच ठेवल्यामुळे तिचा खटका अडकला असावा. मान मागे टाकता येत नाही म्हणून गिऱ्हाइकांची कुरकुर चालूच होती.

पाठ उभी का, असं तू विचारशील. तो तिथे झोपायचा. आडवं झालं की छातीवर कोणीतरी येऊन बसतं म्हणाला. मला वाटलं, दुकानातल्या पंख्याखाली त्याला बरं वाटत असेल. पायांनाही सूज होती. स्वतःच्या चपला होईनात, तेव्हा तू ठेवून गेलेले बूट घालायला लागला, ते मोठे आहेत. मी म्हटलं, "लेकाचे बूट चालतात, लेकाचं नाव मात्र चालत नाही." तर म्हणाला, "बुटांनी माझं काय वाकडं केलंय?"

असो. वॉर्डात फोन आहे, नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. सिस्टरला सांगितलंस तर ती त्याच्या कानाला लावून देईल. जमलं तर बघ. नाही जमलं तरी काही नाही.

तुझी आत्या


बुधवार, दहा तारीख

कात्र्या,

परवा मी सगळं खरं लिहिलं नाही. उगाच तुला घाबरवायचं कशाला, असं वाटलं. खरं म्हणजे लिहिलं की ते खरं होईल, याचीच भीती होती.

सोमवारी सकाळी तो शटर उचलायला वाकला आणि तिथेच पायरीवर बसला. मी चहा घेऊन बाहेर आले तर त्याच्या छातीतून पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता. ओठ शाईसारखे. तोंडाला फेस, आणि फेसाला गुलाबी रंग. त्याने माझा दंड धरला, तो अजून काळानिळा आहे. बोलता येत नव्हतं. नुसता बघत होता. माणूस पाण्यात बुडताना काठावरच्यांकडे बघतो, तसा. शिंप्याने समोरच्या दुकानाचा मालाचा टेम्पो अडवला आणि आम्ही त्याला पोत्यांना टेकवून बसवून नेलं. आडवा करायला गेलं की हातपाय झाडायचा.

इथे चष्मा लावणारी एक डॉक्टरीणबाई आहे. तुझ्याहून थोडी मोठी असेल, पण समोर बसवून नीट सांगते. हृदय दमलं आहे म्हणाली. त्याला रक्त पुढे ढकलवत नाही, ते मागे तुंबतं, आणि त्यातलं पाणी फुप्फुसात झिरपतं. माणूस बाहेरून कोरडा आणि आतून बुडत असतो. म्हणून नाकातोंडावर एक मास्क घट्ट बांधतात आणि एक मशीन त्यातून दाबाने हवा आत ढकलतं. त्या दाबाने फुप्फुसं उघडी राहतात, श्वासाचे कष्ट कमी होतात, तोवर इंजेक्शनने पाणी लघवीवाटे काढायचं. "मशीन यांना बरं करत नाही, मावशी," ती म्हणाली, "आपल्याला वेळ मिळवून देतं." मी गिऱ्हाइकांच्या बाकावरची जुनी मासिकं चाळत अक्षरं लावायला शिकलेली बाई. मला एवढं कळलं तर कुणालाही कळेल.

मग भीती कसली? तर मास्क बसत नाही. त्याच्या कडेला मऊ रबर आहे, ते कातडीला चिकटायला हवं. तुझ्या बापाची दाढी तू पाहिलेली नाहीस. छातीपर्यंत आली आहे. हवा केसांतून फुसफुसत बाहेर पळते, मशीन बोंब मारतं, सिस्टर धावत येते, पट्टे आवळते. नाकाच्या हाडावरची कातडी सोलवटली तरी हवा पळतेच आहे. सिस्टर दोन्ही हातांनी मास्क गालांवर दाबून उभी राहते, तेवढा वेळ ठीक. पण तिला बाकीच्या खाटाही आहेत. ती गेली की मी दाबून धरते. माझ्या हातांत तेवढा जोर नाही.

"हे काय काम करतात?" तिने मला विचारलं.

"न्हावी आहे."

ती आधी माझ्याकडे आणि मग त्याच्याकडे बघत राहिली. "आणि एवढी दाढी?"

"हो."

"म्हणजे आमच्या डॉक्टरांसारखंच. लोकांना सांगायचं, स्वतः काही करायचं नाही."

तिला काय सांगणार? आपल्या दुकानात कोणी स्वतःची दाढी स्वतः करत नाही. माझ्या वडिलांपासूनची रीत. सकाळी शटर अर्धं वर करायचं, आधी बापाने लेकाची दाढी करायची, मग लेकाने बापाची, आणि मग पहिलं गिऱ्हाईक. रोज ज्याच्या त्याच्या गळ्यावर वस्तरा ठेवतो, तर आपल्या गळ्यावर ठेवल्यावर कसं वाटतं ते रोज कळलं पाहिजे, असं वडील म्हणायचे. तू गेलास त्या सकाळी त्याची राहिली, ती राहिलीच. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. शिंपी चिडवायचा, "आता कबुतरं अंडी घालतील हो." गिऱ्हाइकं विचारायची. त्याचं एकच उत्तर, "माझी दाढी करणारा बाहेर गेलाय." जसा काही तू कोपऱ्यावर ब्लेडची पाकिटं आणायला गेला होतास आणि हे तिसरं वर्ष नव्हतं.

आदल्या संध्याकाळी भरल्या दुकानात त्याने तुझ्यावर हात उचलला, ते चुकलंच. तेव्हाही मी हेच म्हटलं होतं. त्याने तुझी माफी मागायला हवी होती आणि तो मागणारा नव्हता, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. तुझी आई असती तर तिने दोघांचे कान धरले असते. मी आत्या. माझं ऐकून तुम्ही दोघंही नुसते माना हलवता.

डॉक्टरीणबाईंनी त्याला दाढी काढण्याविषयी विचारलं. त्याने दोन्ही मुठींत ती धरली आणि मान हलवली. "बाबा, केस काय, परत येतात," ती म्हणाली. त्याने डोळे मिटून घेतले. जबरदस्ती करता येत नाही म्हणाली, तो शुद्धीवर आहे, त्याचं तो ठरवणार.

काल त्याला बराच आराम होता, नुसती नाकातली ऑक्सिजनची नळी पुरत होती. आज सकाळी पुन्हा पाणी वाढलं. कुठून वाढलं कोण जाणे.

कात्र्या, एक फोन कर. "बाबा, दाढी काढू द्या," एवढंच म्हण. बाकी काही बोलू नकोस. तो तुझंच ऐकेल.

तुझी आत्या


शुक्रवार, बारा तारीख

कात्र्या,

पहिलं पाकीट तू उलटसुलट पाहिलंस आणि अ‍ॅप्रनच्या खिशात घातलंस, असं ड्रायव्हर सांगत होता. दुसरं दिलं तेव्हा खुर्चीत गिऱ्हाईक होतं, तू मान न वळवता "ठेवा तिथे" म्हणालास, म्हणून त्याने ते आरशाखाली ठेवलं. फोन काही आला नाही.

पाणी कुठून वाढलं ते मला ठाऊक आहे. मशीनच्या हवेने त्याचं तोंड लाकडासारखं कोरडं पडतं. मंगळवारी मास्क उतरवला तेव्हा त्याने मला जीभ दाखवली, तिला भेगा पडल्या होत्या. अगदी मोजकं पाणी द्यायचं असं सांगितलेलं होतं. सिस्टर पलीकडे वळली की मी बाटली त्याच्या तोंडाला लावत राहिले. तो लहान मुलासारखा प्यायचा आणि मला बरं वाटायचं. संध्याकाळपर्यंत बाटली संपली. दुसऱ्या दिवशी त्याच्या छातीतून परत तो आवाज आला, तेव्हा मला वाटलं, आपण आपल्या हातांनी त्याला बुडवलं. तुला लिहिलं तेव्हा हे लिहायची हिंमत झाली नाही. डॉक्टरीणबाईंना मात्र सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने बाटली उचलून खिडकीत ठेवली आणि म्हणाली, "एवढ्या पाण्यानेच झालं असं नाही, मावशी. पण आता नको." आता ओल्या कापसाने ओठ पुसते, तेवढंच.

काल सकाळी तिने मला बाहेर बोलावलं. मास्कमधून हवा अशीच पळत राहिली तर तो दमून जाईल, मग झोपेचं औषध देऊन घशात नळी घालावी लागेल, "तुम्ही विचार करून ठेवा." मला विचार करायचा नव्हता. माझ्या यजमानांना अशीच नळी घातली होती. घालायच्या आधी त्यांनी मला काहीतरी सांगायला हात वर केला, आणि मी म्हटलं, आता दमू नका, नंतर सांगा. ते नंतर काही आलंच नाही. काय सांगायचं होतं, याचा विचार मी भांडी घासताना अजून करते. नळीतून पुष्कळ माणसं बाहेर येतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. येत असतील. मी पाहिलेलं माणूस आलं नाही.

मी आत गेले, त्याच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "कात्र्याचा फोन आला होता."

त्याने डोळे उघडले. मास्कमधून बोललेलं कळत नाही, नुसती घरघर येते. त्याने भुवया वर केल्या, म्हणजे काय म्हणाला?

"म्हणाला, दाढी काढा."

तो माझ्याकडे बघत राहिला. कसा बघतो ते तुला माहीत आहे. गिऱ्हाईक "कालच अंघोळ केली" म्हणालं की त्याच्या मानेकडे बघायचा, तसा. मग त्याने एक बोट डोळ्याखालून गालावर ओढलं. रडला का?

"रडतोय कसला," मी म्हटलं. "चिडला होता. म्हणाला, असला अवतार करून बसलात तर गिऱ्हाइकं पळतील."

तेव्हा त्याला पटलं. रडला म्हणाले असते तर तिथेच पकडली गेले असते. त्याने दाढीवरचे हात सोडले आणि चादरीवर ठेवले. अगदी हलके ठेवले.

रक्त पातळ करायची औषधं चालू आहेत म्हणून वस्तऱ्याला सक्त मनाई. सिस्टरने केस कापायचं मशीन आणलं, तर त्याने मान फिरवली आणि माझ्याकडे बोट केलं. मी जन्मात कोणाची दाढी केलेली नाही. आपल्या घरातल्या बायका टॉवेल धुतात आणि केस झाडून काढतात. "मला येत नाही," मी म्हटलं. सिस्टर म्हणाली, "मावशी, आता ते शिकायला वेळ नाही, करा."

दाढी करायची तर मास्क काढायला हवा, आणि मास्क काढला की त्याचा श्वास जातो. नाकात जोराचा ऑक्सिजन लावून दिला होता, पण त्याला तो पुरत नव्हता. बोटाला लावलेल्या चिमट्याचा आकडा पडद्यावर दिसतो. सिस्टरने आकड्याकडे बघायचं आणि मी गालाकडे. ती "चला" म्हणाली की मी हात चालवायचा, "थांबा" म्हणाली की हात वर आणि मास्क परत तोंडावर. आधी कात्रीने लांब केस छाटायला घेतले. जरा कुठे छाटतेय तोच "थांबा". मी त्याच्याकडे पाहिलं. गळ्याखालची खळगी आत ओढली जात होती, फासळ्यांमधली कातडी आत जात होती, बोटं चादर गोळा करत होती. मास्क लावला, दाबून धरला, आकडा हळूहळू वर आला. परत "चला". मला वाटत होतं की हा गाल पुरा व्हायच्या आत तो माझ्या हातातच जाईल आणि लोक म्हणतील, बहिणीने दाढी करता करता मारला.

मग केस कापायचं मशीन लावलं, तर मी ते उभंच धरलं होतं, ते केसांत अडकून ओढायला लागलं. त्याने माझं मनगट धरलं. मला वाटलं, नको म्हणतोय. त्याने माझा हात थोडा आडवा केला, आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या गालाची कातडी ताणून धरली. श्वास घ्यायची मारामार, आणि हा मला धंदा शिकवत होता. मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही. सिस्टर ओरडली, "मावशी, आकडा पडतोय, नंतर रडा."

झालं एकदाचं. मास्क बसवला, पट्टे लावले. मशीन बोंबलायचं थांबलं. इतके दिवस ज्या आवाजाने जीव जात होता, तो थांबल्यावर आणखीच जीव घाबरा झाला. मी त्याच्या छातीवर हात ठेवून बघितलं. वरखाली होत होती. "हेच तर हवं होतं," सिस्टर म्हणाली आणि खाली पडलेले केस स्वतः झाडू आणून गोळा केले. मला करू दिले नाहीत.

आता माझं खोटं तुझ्या हाती आहे. फोन कर आणि ते खरं कर. एकदा तरी.

तुझी आत्या


रविवार, चौदा तारीख

कात्र्या,

हे पाकीट ड्रायव्हरकडे न देता शिंप्याकडे ठेवते आहे. तिसरं पाकीट ड्रायव्हरने आज सकाळी जसंच्या तसं परत आणलं. तू शुक्रवारी संध्याकाळी कात्री-कंगव्यांची पेटी घेऊन हॉटेलातून निघालास, कुठे ते कुणाला सांगितलं नाहीस, असं तिथल्या माणसाने सांगितलं. तू इकडे यायला निघालास की माझ्या पत्रांपासून आणखी लांब पळालास, हे मला कळायला मार्ग नाही. शिंपी छातीठोकपणे म्हणतो, इकडेच निघालाय. पण हाच शिंपी सगळ्यांना "उद्या नक्की" म्हणून सांगतो, तेव्हा त्याच्या बोलण्यावर किती जायचं?

शुक्रवारी निघालास तर आतापर्यंत पोचायला हवा होतास. मी वॉर्डाच्या दाराकडे बघत बसते. दार ढकललं जातं, आणि कुणीतरी दुसऱ्याच्या खाटेकडे जातं.

आलास तर आधी दुकानाशी येशील. बंद शटर बघून तुझ्या मनात नको ते येईल. म्हणून शिंप्याला सांगून ठेवलंय की हा दिसल्या दिसल्या आधी "आहे" एवढं सांग आणि मग हे पाकीट दे. तिसरं पाकीटही यासोबत आहे. दवाखान्यात जाण्याआधी दोन्ही वाच.

काल थोडा वेळ मास्क काढला होता. चमच्याने चार घास खाल्ले. पहिला शब्द बोलला तो "आरसा". सिस्टरने मोबाईल धरला. त्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हा तर आपला बाप." आमचे वडील असेच उशीला टेकून बसल्या बसल्या गेले. तेव्हा त्यांचं वय साधारण याच्याएवढंच असेल. मी म्हटलं, "उगाच काहीतरी. वडिलांचं नाक तुझ्यापेक्षा चांगलं होतं." तो हसला, आणि हसल्यावर खोकला आला, तो काही केल्या थांबेना.

आज पहाटेपासून पुन्हा मास्क आहे, हवेचा दाब वाढवलाय. आता हवा पळत नाही, सगळी आत जाते, तरीही तो दमतोय. डॉक्टरीणबाई सकाळपासून पुन्हा पुन्हा येऊन उभी राहते आणि काही न बोलता जाते. हे मला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त भीतीचं वाटतं. शेवटी बोलली. संध्याकाळपर्यंत उतार पडला नाही तर नळी. त्याला विचारलं, त्याने माझ्याकडे बोट केलं. तुला विचारायला तू नव्हतास, म्हणून मी हो म्हटलं. एकच अट घातली. नळीच्या आधी मास्क जरा बाजूला करून त्याला जे बोलायचं असेल ते बोलू द्यायचं, आणि कुणी "नंतर" म्हणायचं नाही. तिने कबूल केलंय.

तो काय बोलेल ते मी ऐकून ठेवीन. पण ते माझ्यासाठी नसणार, एवढं मला कळतं.

वॉर्डात शिरताना हात धू. मशीनची घरघर ऐकून दचकू नकोस, तो आवाज चालू असलेला बरा. तो पार वाळला आहे, बघून चेहरा पाडू नकोस. डोळे भरून आले तर बाहेरच्या बाकावर मोकळा हो आणि मग आत ये. तू रडलास तर तोही रडेल, आणि रडण्याइतका श्वास त्याच्याजवळ उरलेला नाही. फोनचं विचारलं तर काय सांगायचं ते तुझं तू ठरव. खोटं मी बोलले, ते माझ्या डोक्यावर. त्याच्यासमोर उभं राहून तू माझ्यासाठी खोटं बोलावंस असं मी म्हणणार नाही. तो ओळखेलच, असं मला कालपासून वाटतंय. ओळखलंही असेल. विचारायचा धीर मला होत नाही.

आणि एक. त्याच्या डाव्या कानाखाली मूठभर केस राहिले आहेत. मास्कच्या आड येत नाहीत म्हणून सिस्टरने मला तिथेच थांबवलं. मी मुद्दाम ठेवले नाहीत, तिथे त्याचा दम संपला. परवापासून त्याचा हात सारखा तिकडे जातो, बोटांनी चाचपतो आणि दाराकडे बघतो. काल मी केस कापायचं मशीन उचललं तर त्याने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि उशाखाली ठेवलं.

लवकर ये.

तुझी आत्या